निम्म्या मापाचा चेहरा

जव्हारच्या बाजारात मान वर करून चाललात तर अजून चार पाट्या माझ्या हातच्या दिसतील. एक किराणा-भुसारवाल्याची, एक टेलरची, एक चपलांच्या दुकानाची आणि एक दवाखान्याची, ज्यातला डॉक्टर वारून सहा वर्षं झाली. बाकी सगळीकडे फ्लेक्स. फ्लेक्सवरची अक्षरं बघून माझं डोकं उठतं. वेलांटीला कंबर नाही, उकाराला शेपूट नाही, पण माझ्या रागाला विचारतो कोण? फ्लेक्स आलं आणि मी घरी बसलो. एकदा बसलेला माणूस उठत नाही, असं माझी बायको हुस्नबानो म्हणायची. मी बसलेलाच राहिलो आणि तीच जगातून उठून गेली. त्याला दोन वर्षं झाली.

मुलगा रेहान मुंब्र्याला असतो. दर शुक्रवारी त्याचा फोन येतो. "अब्बा, खाना खाया?" मी म्हणतो, खाया. तो म्हणतो, अच्छा. झालं आठवड्याचं बोलणं. उरलेले सहा दिवस मी खिचडी शिजवायचो आणि भांड्यांवर चिडायचो. घरात भांडायला माणूस नसलं की माणूस भांड्यांशी भांडतो, हे मला त्या दोन वर्षांत कळलं.

शिरपामाळच्या रस्त्याला अंध मुलांची एक निवासी शाळा आहे. तिथे तासिकेवर कलाशिक्षक हवा होता. आंधळ्या मुलांना कला शिकवायची, आणि कुणी, तर पाट्या रंगवणाऱ्या इदरीसने! मलाच हसू आलं. पण मुख्याध्यापिका बाई हुशार. म्हणाल्या, "चाचा, तुम्ही बोहाड्याचे मुखवटे करता ना? तेच शिकवा. मातीला डोळे लागत नाहीत."

ते खरं होतं. आमच्या जव्हार-मोखाड्याच्या गावागावांत बोहाडा होतो, देवादिकांची आणि राक्षसांची सोंगं नाचतात. त्या सोंगांचे मुखवटे जुने झाले की आमच्या घरी यायचे. कुणाचा कान तुटलेला, कुणाचं नाक उडालेलं. वडील दुरुस्त करायचे, मग मी करू लागलो. आधी मातीचा चेहरा घडवायचा, त्यावर चिंचोक्याच्या खळीत भिजवलेल्या कागदाचे थर द्यायचे, वाळला की कागद उचलून घ्यायचा आणि रंगवायचा. सगळं काम हाताच्या मापाचं. वडील म्हणायचे, "नक्कल करताना अक्कल चालवायची नाही." ते वाक्य मी आयुष्यभर पाळलं. एकदा सोडलं, तर त्याची ही गोष्ट.

वर्गात अकरा मुलं होती. दहा सरळ होती आणि एक रविना होती. पोशेऱ्याची, तेरा वर्षांची, जन्मापासून न दिसणारी, आणि सांगितलेलं एक काम धड करेल तर शपथ. पहिल्या दिवशी म्हटलं, मातीचा आंबा करा. सगळ्यांनी आंबे केले. हिने कोय केली.

"आंबा कुठे आहे?"

"खाल्ला की सर. मंग हातात कोयच राहाते ना?"

दुसऱ्या वेळी म्हटलं, गाय करा. हिने एक लांबडी जीभ केली आणि गळ्याखाली लोंबते ती पोळी केली. पाय नाहीत, शिंगं नाहीत. मी ओरडलो. तर म्हणते, "गाय माझ्याकडं एवढीच येते." मी तिला वकिलीणबाई म्हणायला लागलो. वसतिगृहाची गोदीताई म्हणायची, चाचा, ही पोर तुमचं डोकं खाणार. खाल्लंच तिने. पण खोटं कशाला बोलू, सकाळी डबा भरताना मी मनात तिच्याशी भांडत असायचो. घरातून निघायला काहीतरी कारण लागतं, आणि ते कारण ती होती.

गणपतीच्या सुट्टीनंतर एक दिवस तिने विचारलं, "सर, दुसऱ्याचं नाक कुठून सुरू होतं?"

"स्वतःचं बघ चाचपून."

"माझं मना माहिती हाय. पोरींचं पण पाहालं, त्या हसतात नुसत्या. मोठ्या माणसाचं पाहाचंय. तुमचं द्या."

वर्गात बाकीची मुलं माती थापत होती. मी चष्मा काढून तिच्यासमोर स्टुलावर बसलो. तिने दोन्ही हात माझ्या कपाळावर ठेवले आणि हळूहळू खाली आली. भुवया, डोळ्यांच्या खाचा, नाक, दाढीची खुटं. हात थंडगार, मातीचे. दोन वर्षांत हज्जाम सोडला तर माझ्या तोंडाला कुणाचा हात लागला नव्हता. मला रडू येईल असं वाटलं आणि मी खोकला काढला.

"हालू नका," ती म्हणाली. "आता कळलं. मना आयस बनवाचीय."

आयस म्हणजे आई. रखमी तिचं नाव. रविना सहा वर्षांची असताना बाळंतपणात गेली. मी विचारलं, फोटो आहे का घरी? असता तर मी बघून तिला सांगितलं असतं, गाल असा, हनुवटी तशी.

"बाबाच्या मोबाइलात हाय," ती म्हणाली. "पण मी हात लावते तं नुसती काच लागते."

दुसऱ्या दिवशी ओढ्याकाठची चिकणमाती आणून, चाळून, मळून अख्खं पोतं तिच्यासमोर ठेवलं.

दिवाळीपर्यंत ती तोच चेहरा करत होती. माझ्या तासाला, जेवणाच्या सुट्टीत, शाळा सुटल्यावरही. ओलं फडकं टाकून झाकायची आणि पुन्हा उघडायची. थोडं करायची, मग आपला गाल त्या मातीच्या गालाला लावायची आणि तशीच थांबायची. कधी "नाय" म्हणून पुसून टाकायची, कधी काहीच न बोलता पुढे जायची. ज्या दिवशी नाक जमलं त्या दिवशी ती एकटीच हसली. चेहरा जिवंत होत होता, यात वाद नाही. जाड ओठ, खालचा किंचित पुढे आलेला. डाव्या भुवईवर एक खळगा. मला वाटलं, अंगठा घसरला असेल.

पण चेहरा केवढा? सुपाएवढा! कपाळ ते हनुवटी चांगल्या दोन विती. मी पाट्या रंगवणारा माणूस, माझ्या डोळ्यांना माप चुकलेलं सोसत नाही. एखादं अक्षर गुंजभर मोठं झालं तरी माझी झोप जाते. मी तिला म्हटलं, "वकिलीणबाई, माणसाचं तोंड वितीएवढं असतं. हे दुप्पट झालंय."

"आयसचं एवढंच व्हतं."

"एवढं कुणाचं नसतं."

"माझ्या आयसचं व्हतं."

मी नाद सोडला. मनात म्हटलं, दिसत नाही बिचारीला, मापाचं काय कळणार. हे मी म्हटलं. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीआधी मुख्याध्यापिकांनी सांगितलं, डिसेंबरच्या सुरुवातीला पालघरला दिव्यांग मुलांच्या वस्तूंचं प्रदर्शन आहे. वस्तू एका खोक्यात भरून एसटीने न्यायच्या. त्यांनी रविनाचा चेहरा बघितला, खोका बघितला आणि म्हणाल्या, "हा काही मावायचा नाही, चाचा. दुसऱ्या कुणाचं तरी बघा." मला ते लागलं. शाळेत एवढं चांगलं काम दुसरं नव्हतं आणि ते नुसतं मापामुळे मागे राहणार?

मुलं घरी गेली. शाळा रिकामी. माझी दिवाळी नाही, आणि घरी ईद होती तेव्हाही कुणी आलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी मी पहारेकऱ्याकडून वर्गाची किल्ली घेतली.

पाटीवर चित्र मोठं करायचं तर आम्ही चौकटी आखतो. लहान चित्रावर लहान चौकटी, भिंतीवर मोठ्या. मी तेच उलटं केलं. सुतळीला गाठी मारल्या. डोळ्यापासून डोळा किती, नाकापासून ओठ किती, सगळं मोजलं आणि निम्मं केलं. तिच्या चेहऱ्याशेजारी मी दुसरा चेहरा घडवला. माझ्या मनाचं काही घातलं नाही. भुवईवरचा खळगा मला चूक वाटत होता, तोही निम्म्या मापात काढला. फक्त आकार तेवढा सुधारला, असं मी स्वतःला सांगत होतो.

आणि खरं सांगू का, ते बारा दिवस माझे फार चांगले गेले. सकाळी डबा घेऊन जायचो, ऊन खिडकीतून मातीवर यायचं. मी त्या रखमीशी बोलायचो. तुझी पोर फार वाद घालते बाई, म्हणायचो. हुस्नबानोच्या खिचडीबद्दल सांगायचो, रेहानबद्दल तक्रार करायचो. ती ऐकून घ्यायची. शुक्रवारी रेहानचा फोन आला तेव्हा मी त्याला म्हटलं, कामात आहे, नंतर कर. गेल्या दोन वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा बोललो.

लहान चेहरा पुरा झाला. त्यावर कागदाचे सात थर दिले, उन्हात वाळवला, अलगद उचलला, वरून खडूचा पांढरा हात दिला. रंग रविनाला विचारून द्यायचा म्हणून ठेवला. मग मोठ्या चेहऱ्याकडे पाहिलं. कडेने तडकायला लागला होता. सगळी माती त्यात अडकली होती आणि शाळा उघडल्यावर दहा मुलांना माती लागणार होती. मी त्यावर पाणी ओतलं, हाताने मोडला, मळला आणि पोत्यात भरला. दहा मिनिटांचं काम. तोंड बांधताना मी गुणगुणत होतो, हेसुद्धा मला आठवतं.

शाळा उघडली त्या सकाळी रविनाला सोडायला तिचा बाप आला. पंढरी. वाळलेला, कमी बोलणारा माणूस. दुसऱ्या दिवशी तो भिवंडीकडे वीटभट्टीवर जाणार होता, थेट पावसाच्या तोंडावर परतणार होता. रविना त्याचा हात सोडून भिंतीच्या कडेने चाचपत थेट वर्गात आली. आपल्या टेबलापाशी गेली. टेबलावर मी पांढरा मुखवटा ठेवला होता. तिने हात पसरले ते रुंद, सुपाएवढे पसरले. मग मुखवट्याला लागले आणि आखडले.

"हे काय हाय?"

"तुझी आई," मी म्हणालो. कौतुकाची वाट बघत होतो मी. "तूच केलेली. मी फक्त मापात आणली. आता खोक्यात मावेल, पालघरला जाईल."

तिची बोटं मुखवट्यावर फिरली. कपाळ, भुवई, खळगा, नाक, ओठ. पुन्हा वर.

तेवढ्यात पंढरी दारातून आत आला. त्याने टेबलाकडे पाहिलं आणि तिथेच उभा राहिला. डोक्याचा टॉवेल काढून हातात घेतला.

"ही रखमी," तो म्हणाला. "चाचा, तुमी कदी पाहालीत हिला?"

"नाही."

"मंग ही खोक कशी काढलीत? विळा लागला व्हता तिना. लगीन व्हायच्या आगोदर." तो जवळ आला, भुवईवरच्या त्या खळग्याला एक बोट लावलं आणि लगेच काढून घेतलं. "तीच हाय. जशीच्या तशी." त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो पुसत नव्हता. "रविना, अगो तुझी आयस."

"नाय," रविना म्हणाली.

"अगो, मना दिसते ना. तीच."

"ती तुझी रखमी हाय," रविना म्हणाली. "माझी आयस मोठी व्हती."

तिने दोन्ही तळवे हवेत धरले, मध्ये केवढं तरी अंतर ठेवून. आणि मला तेव्हा कळलं. सहा वर्षांच्या पोरीचे हात केवढे असतात? आईचं तोंड त्या हातांत मावत नाही. एक गाल झाकायला तिचा अख्खा तळवा लागतो, नाकावर चार बोटं आडवी बसतात. तेवढेच तळवे, तेवढीच बोटं तिने जपून ठेवली होती. पोर वाढली, हात वाढले आणि हातांच्या मापाने आई वाढली. तिचं माप चुकलं नव्हतंच. तिच्या हातात तिची आई जेवढी होती तेवढीच तिने केली होती. मी पंढरीची बायको केली होती, उत्तम केली होती, आणि तिची आई मोडली होती. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं म्हणून लोक हसतात. मला हसायलाही तोंड नव्हतं.

"मोठी कुठाय, सर?"

मी खोटं बोलू शकलो असतो. तडकली, पडली, पहारेकऱ्याने धक्का दिला, काहीही. जीभ उचलली नाही. "मी मोडली," मी म्हणालो. "माती पोत्यात आहे. माझी चूक झाली, रविना. मला वाटलं, तुझं माप चुकलंय."

तिने मला काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. एवढी वाद घालणारी पोर, पोत्यापाशी जाऊन बसली, गाठ सोडली आणि कोपरापर्यंत हात आत घातले. तिथे काही सापडेल असं तिला वाटत होतं की नाही, मला माहीत नाही. बराच वेळ ती आत चाचपत राहिली. पंढरीला काय झालं ते नीट समजलं नव्हतं. त्याने मला हळूच विचारलं, "चाचा, हा मी नेऊ? भट्टीवर नेतो. वझं नाय याचं काय."

मी काही म्हणण्याआधी रविना म्हणाली, "ने बाबा. तुझीच हाय."

त्याने मुखवटा टॉवेलात गुंडाळला, लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मोखाड्याची एसटी पकडायला गेला. प्रदर्शनाचं मला आठवलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिने पुन्हा सुरुवात केली. मी तिच्यापासून लांब, खिडकीपाशी बसायचो. काही सुचवायचं नाही, काही सुधारायचं नाही, एवढंच माझ्या हातात उरलं होतं. तिने मातीचा तेवढाच मोठा गोळा केला, सुपाएवढा. पण त्यात डोळे काढायला गेली की डोळे लहान यायचे. नाक लहान यायचं. मोठ्या गोळ्याच्या मधोमध एक वितीएवढा चेहरा जमा व्हायचा, पंढरीच्या रखमीचा. ती पुसायची. पुन्हा करायची. पुन्हा तेच. गाल लावून बघायची आणि लगेच उचलायची.

पाचव्या दिवशी मी जवळ गेलो. म्हटलं, "माझा तळवा घे. माझा मोठा आहे. त्यावर तुझा ठेव आणि आठव."

तिने ठेवला.

"नाय येत," ती म्हणाली. "आता मना हीच लागते हाताला. डोळे मिटले तरी हीच." मग जरा वेळाने, "सर, दिसणाऱ्या माणसाचं पण असं होतं?"

मी हुस्नबानोला आठवायचा प्रयत्न केला. मला रेशनकार्डावरचा फोटो आठवला. आधी फोटो, आणि त्याच्या मागे काहीच नाही. "होतं," मी म्हणालो.

ती आणखी तीन दिवस बसली. नवव्या दिवशी तिने गोळा स्वतःच मोडला, माती पोत्यात भरली, पोत्याचं तोंड बांधलं आणि हात धुऊन आली. बाकीच्या मुलांच्या रांगेत, सगळ्यांसारखी मांडी घालून बसली.

"सर, काय बनवाचं?"

"तू सांग," मी म्हणालो. "तुला हवं ते कर. काहीही कर. गायीची जीभ कर."

"तुमी सांगाल ते," रविना म्हणाली.

मी वाट बघितली. ती काही तरी उलटं बोलेल, माझं डोकं खाईल, म्हणून थांबलो. ती हात मांडीवर ठेवून गप्प बसली होती. बाकीची मुलं माती मागत होती. शेवटी मीच म्हणालो, वाटी कर.

तिने वाटी केली. मी सांगितली तेवढी, सांगितली तशी.